खिरापतीचा बंद डबा

शनिवारी सकाळी आमच्या घरात सगळे जपून वागतात. माय तवा चुलीवर आवाज न करता ठेवते, बाबांना खोकला आला तर ते अंगणात जाऊन खोकून येतात. कारण त्या वेळी मी व्हिएतनाममधल्या एका शाळेत असते. म्हणजे असते मेडशीजवळच्या आमच्या गावातच, मागच्या खोलीत, सोयाबीनच्या पोत्यांना खेटून ठेवलेल्या टेबलाशी. पण समोर लॅपटॉपवर तिकडचा वर्ग असतो, पांढऱ्या सदऱ्यांतली चौथीची मुलं असतात, आणि त्यांची सकाळ आमच्यापेक्षा दीड तास पुढे गेलेली असते.

बी.एड. होऊन मी शिक्षकभरतीची वाट बघत बसले होते. वाट बघणं हाच आमच्या भागातल्या निम्म्या पोरापोरींचा धंदा आहे. कॉलेजातली एक मैत्रीण अशी ऑनलाइन कामं करायची, तिनं माझं नाव त्या शाळेत सुचवलं. काम मजेशीर होतं. व्याकरण शिकवायचं नाही, पुस्तक उघडायचं नाही, फक्त मुलांना इंग्रजीतून खेळवायचं. तिथल्या वर्गशिक्षिका मुलांसोबत वर्गात थांबायच्या आणि मी पडद्यावरून नाचायचे. मी वांगी-टोमॅटो मांडून बाजार भरवला, त्यांनी माझ्याकडून घासाघीस करून भाजी घेतली. मी डोळे बांधून घेतले आणि त्यांनी मला इंग्रजीत डावीकडे-उजवीकडे सांगत माझ्याच खोलीत पोत्यांवर आपटवलं. त्या दिवशी तिकडचा वर्ग हसून हसून लोळला आणि इकडे माय धावत आली, पोरीला काय झालं म्हणून.

गावात मात्र माझी रोज थट्टा. किराणा दुकानात गेलं की कोणी तरी विचारणारच, "काय मॅडम, आज कोनत्या देशात गेलत्या?" मीही काही कमी नाही. म्हणायचे, "जाऊन आली, तुमच्यासाठी काही आनलं नाइ." पण आतून मला त्या कामाचा फार अभिमान होता. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी तरी 'टीचर' म्हणत होतं, आणि तेही इतक्या लांबून.

मग भुलाबाईचे दिवस आले आणि माझ्या डोक्यात ती कल्पना शिरली.

आमच्या वऱ्हाडात भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी संध्याकाळी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत फिरतात. गाणी संपली की त्या घरची खिरापत. पण ती अशी सहज मिळत नाही. घरची बाई झाकण लावलेला डबा घेऊन येते, कानाशी खुळखुळ वाजवते आणि पोरींनी ओळखायचं, आत काय आहे. गोड का तिखट, ओलं का कोरडं, गोल का लांब. पोरी ओरडून ओरडून नावं घेतात आणि बाई प्रत्येक नावाला मान उडवून नाही म्हणते. जिची खिरापत कुणालाच ओळखता येत नाही, त्या बाईचा तोरा दुसऱ्या दिवशी विहिरीवर बघावा. पोरींना हरवणं हाच यजमानीणबाईचा मान.

आमच्या घरी भुलाबाई बसत नव्हती. आम्ही बौद्ध, आजोबांच्या वेळेपासून. बाबा म्हणायचे, हे आपलं नाही. पण शेजारच्या काकूंच्या अंगणात गाणी सुरू झाली की मी तिकडे पळायचे, आणि माय बाबांना सांगायची की पोरगी दळण आणायला गेली. तिथे मी मागे, गोठ्याच्या खांबाजवळ उभी राहायचे. गाणी मला येत होती, ओठातल्या ओठात म्हणायचेही. पण खिरापतीच्या वेळी माझं तोंड कधी उघडलं नाही. पुढच्या पोरी त्या घरच्या, त्या गल्लीच्या. मला वाटायचं, आपण बोललो तर सगळ्या मागे वळून बघतील.

एका संध्याकाळी काकूंनी डबा वाजवला आणि कोणालाच काही सुचेना. शेंगदाणे झाले, फुटाणे झाले, खारका झाल्या, काजूपर्यंत मजल गेली. काकू नाही नाही म्हणत डबा घेऊन सगळीकडे फिरल्या, फिरत फिरत मागे खांबापाशी आल्या आणि माझ्या कानाजवळ त्यांनी तो पुन्हा वाजवला. आणि मला कळलं. गोडंबी. बिब्ब्याच्या आतला गर. माझी माय तेव्हा बिब्बे फोडायचं काम करायची. बिब्ब्याचं तेल उतून तिच्या बोटांवर काळे फोड यायचे, आणि फोडलेली गोडंबी ती ज्या डब्यात टाकायची, त्याचा आवाज मी झोपेतही ओळखला असता. मी म्हटलं, "गोडंबी." काकूंनी झाकण काढलं. सगळ्या मागे वळल्या, आणि मी मेले नाही. काकूंनी मला ओंजळ भरून खिरापत दिली. त्या दिवसानंतर मी बोलायला लागले ते आजपर्यंत थांबलेले नाही, असं माय म्हणते. शाळेत वक्तृत्व, कॉलेजात इंग्रजी, सगळ्याची सुरुवात मी त्या खांबापाशी धरते. तो माझा पहिला विजय.

म्हणून तिकडच्या वर्गशिक्षिका बाईंनी जेव्हा कळवलं की येत्या शनिवारी मुलांचे आईबाप वर्ग बघायला येणार आहेत, काही तरी खास खेळ घ्या, तेव्हा मी दुसरा विचारच केला नाही. खिरापत. एक डबा, एक आवाज आणि ढीगभर प्रश्न. इंग्रजी बोलायला लावणारा याहून चांगला खेळ कोणता? आणि डब्यात काय, तर गोडंबी. आमच्या तालुक्याच्या मालेगावच्या बाजारातून मी ती मुद्दाम आणली. व्हिएतनाममध्ये कोण ओळखणार, या विचारानं आदल्या दिवशी मला गुदगुल्या होत होत्या.

त्या शनिवारी वर्गात मागच्या भिंतीला टेकून आईबाप उभे होते. मी डबा माईकजवळ धरून वाजवला. पहिला हात वर झाला तो दुसऱ्या रांगेतल्या, खिडकीजवळच्या मुलीचा. पिवळा हेअरबँड लावणारी ती मुलगी एरवी जेमतेम बोलायची. त्या दिवशी तिची आई तिच्या बरोबर मागे उभी होती आणि घरून तयारी करून आणली असावी, अशी ती ताठ उठून म्हणाली, "इज इट कॉर्न?"

मी काकूंसारखी मान उडवली आणि ठसक्यात म्हटलं, "नोऽऽ!"

ती पुन्हा उठली. तांदूळ? नोऽऽ. दगड? नोऽऽ. दुसरी मुलंही विचारत होती, पण तिनं जणू पण केला होता. प्रत्येक वेळी ती आधी मागे आईकडे बघायची, मग मला विचारायची. आणि मी दरवेळी आणखी रंगात येत होते, बोट हलवत होते, डबा छातीशी धरून मिरवत होते. आमच्याकडे पोरी अशा वेळी चेकाळतात, यजमानीणबाईवर तुटून पडतात. तिकडे वर्ग हळूहळू शांत होत गेला. मला वाटलं, विचार करताहेत. ती मुलगी शेवटची उठली, तोंड उघडलं, काहीच न बोलता खाली बसली. मग कुणीच उठलं नाही.

मी मोठ्या थाटात झाकण काढलं आणि गोडंबी कॅमेऱ्यासमोर धरली. कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटेना. बाईंनी विचारलं, याला इंग्रजीत काय म्हणतात? आणि मला सांगता येईना. पिवळ्या हेअरबँडवाल्या मुलीनं डोकं बाकावर टेकवलं होतं. तिची आई भिंतीपासून पुढे आली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पडद्याकडे बघितलं. ती नजर माझ्याकडे होती. नेमकी त्याच वेळी आमच्याकडची वीज गेली, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

सोमवारी बाईंचा निरोप आला. भाषा अतिशय सभ्य होती, म्हणून जास्त लागली. पालक नाराज आहेत. मुलांना सगळ्यांसमोर हरवलं गेलं, असं त्यांना वाटतं. ती मुलगी इंग्रजीच्या वर्गाला येणार नाही म्हणते, आईनं समजावलं तरी ऐकत नाही. पुढच्या शनिवारी मुख्याध्यापक स्वतः वर्गात बसतील. ती मुलगी परत आली नाही, तर हा उपक्रम पुढे चालवण्यात अर्थ नाही, असं त्यांचं मत आहे.

माझं डोकं भडकलं. मी खोलीत येरझारा घालत मायला ऐकवत होते. खेळात हरलं तर हरलं, त्यात रडायचं काय? आम्ही काय कमी हरलो? उद्या या पोरी जगात कशा टिकणार? माय तुरीची डाळ निवडत होती. ती म्हणाली, "लेकरू हाय थे. अन् तू काय तिले खेयवून राह्यलती का? तू तं सोताच खेयून राह्यलती."

मी पाय आपटत बाहेर गेले. पण मायचं वाक्य माझ्या मागे मागे आलं. खेळ सगळा माझाच झाला होता. उत्तर त्यांच्या देशात नाही, त्यांच्या भाषेत नाही, माझ्याही इंग्रजीत नाही, आणि मी मात्र डबा मिरवत उभी. आमच्याकडे पोरींना माहीत असतं की यजमानीणबाईचा मान म्हणजे त्यांना हरवणं, आणि हरल्यावरही खिरापत हातात पडतेच. तिकडच्या मुलांच्या हातात मी काय ठेवलं? एक अनोळखी बी, तीही काचेच्या पलीकडून. त्या मुलीचं बाकावर टेकलेलं डोकं मला दिवसभर दिसत होतं. मला माझी लाज वाटली, आणि काम जाण्याची भीतीही तितकीच वाटली. दोन्ही एकदम वाटत होतं, त्यातलं मोठं कुठलं ते मी शोधायला गेले नाही.

बुधवारी मी बाईंना लिहिलं. मी म्हटलं, या वेळी डबा माझ्याकडे नको. डबा त्या मुलीकडे असू द्या. तिनं घरातलं काहीही डब्यात भरून आणावं, कुणालाही सांगू नये, तुम्हालाही नाही. ओळखायचं मी. तिला एवढंच सांगा की टीचर घाबरली आहे.

बाईंचं उत्तर आलं, विचारून बघते, पण आशा ठेवू नका. नंतर गुरुवार गेला, शुक्रवार गेला, त्यांच्याकडून काही नाही. मी फोन हातात घेऊन फिरत होते. सोंगणीचे दिवस, घरचे सगळे सोयाबीनच्या मागे, आणि मी शेतात विळा धरूनही फोनला रेंज आहे का बघायचे. बाबा एकदा म्हणाले, "विळा पाह्य बाई, बोट तोडून घेशीन."

शनिवार उजाडला तोच वाईट. शेजारच्या खळ्यात मळणीयंत्र आलेलं, त्याचा धडधडाट मागच्या खोलीपर्यंत येत होता. विजेचा भरवसा नव्हता म्हणून लॅपटॉप भरून ठेवला होता, नेट फोनवरून घेतलं होतं. मी बाबांकडे बघितलं. भुलाबाई आपली नाही म्हणणारे माझे बाबा काही न विचारता उठले, चप्पल घातली आणि खळ्याकडे गेले. थोड्या वेळानं यंत्र थांबलं. त्यांनी काय सांगितलं कोण जाणे. यंत्रवाल्यांचा खोळंबा करणं आमच्या गावात किती अवघड आहे, हे फक्त गावातल्यालाच कळेल.

पडदा उजळला. वर्ग दिसला. मागे खुर्चीवर मुख्याध्यापक बसले होते, मांडीवर हात, चेहरा कोरा. दुसऱ्या रांगेत खिडकीजवळचा बाक रिकामा होता.

बाईंनी माझ्याकडे बघून खांदे किंचित उचलले. मी हसून सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हटलं आणि वेळ काढण्यासाठी हवामानाचा खेळ सुरू केला. पाऊस म्हटलं की डोक्यावर हात, ऊन म्हटलं की डोळ्यांवर. मुलं हात हलवत होती, पण मन लावून नाही. मागच्या आठवड्याचं ती विसरली नव्हती. माझी नजर सारखी त्या रिकाम्या बाकावर. मी मोठमोठ्यानं पाऊस, ऊन, वारा ओरडत होते. मुख्याध्यापकांनी घड्याळ बघितलं. मला वाटलं, संपलं.

तेव्हा वर्गाच्या दाराशी हालचाल झाली. आधी तिची आई दिसली. मग तिच्या मागून पिवळा हेअरबँड. मुलीच्या हातात बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा होता, दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरलेला.

बाईंनी तिला कॅमेऱ्यासमोर आणलं. ती माझ्याकडे बघेना. मी खुर्ची पुढे ओढली, हात जोडले आणि इंग्रजीत म्हटलं, मला सोपं दे हं, मी फार हुशार नाही. बाईंनी ते तिच्या भाषेत सांगितलं. तिनं डबा वर केला आणि एकदा हलवला.

पहिल्याच आवाजाला मला कळलं.

चिंचोके. पत्र्यावर चिंचोके वाजतात तसं दुसरं काही वाजत नाही. टणक, चपटे, एकमेकांवर घसरणारे. आमचं सगळं लहानपण चिंचोके फोडून सारीपाट खेळण्यात गेलं. तिकडेही चिंचेची झाडं आहेत, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. उत्तर माझ्या ओठांवर आलं. बरोबर सांगितलं असतं तर मुख्याध्यापकांसमोर माझी वाहवा झाली असती.

मी कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, "इज इट कॉर्न?"

तिनं मान हलवली. आवाज नाही.

"इज इट राइस?"

पुन्हा मान. मी म्हटलं, मला ऐकू येत नाही, पुन्हा वाजव. तिनं जरा जोरात वाजवला. आणि माझ्या पाठीमागून, चुलीजवळून मायचा आवाज आला, "चिंचोके."

मी न वळता हात मागे करून तिला गप्प राहायची खूण केली आणि विचारलं, "बटन्स?"

"नो," ती म्हणाली. एवढासा आवाज. पण आला.

"चिंचोके हायेत थे," माय पुन्हा. तिला वाटत होतं, पोरीला ऐकू गेलं नाही. "सांग ना व. चिंचोके."

मी विचारलं, शंख? "नो." पैसे? "नो." मुलीनं आता वर बघितलं होतं. वर्गातली मुलं बाकांवरून पुढे झुकली होती. मी म्हटलं, दात. कुणाचे तरी पडलेले दात आहेत. वर्गात हशा पिकला आणि ती मोठ्यानं म्हणाली, "नो, टीचर!" ती हसली नव्हती, पण तिच्या नाकपुड्या थरथरत होत्या, हसू दाबताना होतात तशा.

इकडे माय पीठ भरल्या हातांनी दारात येऊन उभी राहिलेली. तिच्या डोळ्यांसमोर पोरीचं काम जात होतं आणि तेही चिंचोक्यांसारख्या क्षुल्लक गोष्टीवरून. "अवं काहून नाइ सांगून राह्यली? इतकं सोपं हाय. येड लागलं का तुले?" नशीब की व्हिएतनाममध्ये वऱ्हाडी कुणाला कळत नाही. बाईंनी विचारलं, तुमच्या आई काय म्हणताहेत? मी म्हटलं, तिलाही ओळखता येत नाही, म्हणून चिडली आहे.

हे त्यांनी मुलीला सांगितलं मात्र, ती खुलली. माझी आईसुद्धा हरली, हे तिला फारच भावलं असावं. तिनं डबा डोक्यावर धरला, मग कानाशी, मग वर्गाकडे वळून सगळ्यांना वाजवून दाखवला. मुलं ओरडायला लागली, तीही ओळखायला लागली, आणि ती प्रत्येकाला मान उडवून नाही म्हणत सुटली. बरोबर तसंच. काकूंसारखं, माझ्यासारखं. हा ठसका तिला मीच शिकवला होता, त्या वाईट शनिवारी.

मागच्या खुर्चीवरून मुख्याध्यापक उठले. ते पुढे आले, चष्मा वर केला, डब्याकडे नीट बघितलं आणि इंग्रजीत म्हणाले, "इज इट बीन्स?"

सगळी मुलं मुलीकडे बघायला लागली. बाईसुद्धा थबकल्या. मुलीनं मागे आईकडे बघितलं, मग मुख्याध्यापकांकडे, आणि म्हणाली, "नो, सर."

तास संपत आला होता. बाई म्हणाल्या, आता उघड आणि दाखव. मुलीनं झाकणावर हात ठेवला आणि थांबली. मला वाटलं, शेवटच्या क्षणी लाजली. ती पडद्याजवळ आली, इतकी जवळ की तिचा हेअरबँडच दिसत होता, आणि एक एक शब्द सावकाश ठेवत इंग्रजीत म्हणाली की उघडणार नाही. टीचरनं विचार करावा. पुढच्या शनिवारी सांगावं.

बाईंनी मुख्याध्यापकांकडे बघितलं. ते हसत होते. ते म्हणाले, हे तर आता मलाही कळायला हवं. पुढच्या शनिवारी या.

पडदा बंद झाला आणि मी टेबलावर डोकं टेकवलं. बाहेर मळणीयंत्र पुन्हा सुरू झालं.

माय अजून दारातच होती, रागात. "इतकी शिकली अन् चिंचोके नाइ वयखू आले?"

"आले होते," मी म्हटलं. "पयल्यांदा वाजवला तवाच."

"मंग?"

"थे पोरगी बोलत नवती, माय. म्हनून."

माय चुलीपाशी गेली, तव्यावरची भाकर उलटवली, पाण्याचा हात फिरवला. मग माझ्याकडे पाठ करूनच बोलली.

"त्या काकूनंबी असंच केलं होतं."

"कोनत्या काकूनं?"

"शेजारच्या. गोडंबी माह्याजवळूनच नेली होती तिनं, थे भुलाबाईच्या वक्ती. कोनाले सांगू नोका म्हने, तुमच्या पोरीले तं बिलकुलच नोका. म्हनून नाइ सांगतलं आजलोक."

मी उठून उभी राहिले. खांबापर्यंत फिरत आलेला डबा मला आठवला. सगळ्यांना सोडून माझ्या कानापाशी वाजवलेला. इतकी वर्षं मी तो माझा विजय म्हणून मिरवत होते, आणि गावातल्या सगळ्यात तोऱ्याच्या यजमानीणबाईनं तो आपला मान मोडून माझ्या ओंजळीत घातला होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"काय म्हनली होती थे?" मी विचारलं.

मायनं भाकर टोपल्यात टाकली. "म्हने, तुमची पोरगी रोज येते अन् मांगं खांबापाशी उभी राह्यते. एक शब्द बोलत नाइ. तिले कायचा आवाज वयखू येते, तेवढं सांगा."